दहा टक्के आणि उरलेले नव्वद

१९७१च्या अखेरीस आपल्याकडे पत्र पाठवायचं तर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट चिकटवावं लागे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठीचा तो कर होता. जुनी पत्रं जपून ठेवलेल्या घरांत 'रेफ्युजी रिलीफ' छापलेली ती तिकिटं अजून सापडतात. त्याच महिन्यांत, याच निर्वासितांवर, ऑक्सफर्डमध्ये पंचविशीतला एक ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ लेख लिहीत होता. त्याचं नाव पीटर सिंगर. नव्वद लाख माणसं उघड्यावर आली आहेत आणि ब्रिटनने आतापर्यंत दिलेत जेमतेम १ कोटी ४७ लाख पौंड, असं त्याने नोंदवलं. शेजारीच त्याने दुसरा आकडा मांडला. काँकॉर्ड विमान तयार करण्यात ब्रिटनचे जे पैसे कधीच परत येणार नव्हते, ते तोवर साडेसत्तावीस कोटी पौंडांवर गेले होते.

लेख १९७२मध्ये छापून आला. त्यातलं उदाहरण अनेकांनी ऐकलं असेल. उथळ तळ्यात एक मूल बुडतंय आणि तुम्ही काठावरून चालला आहात. पाण्यात उतरलात तर कपडे चिखलाने भरतील, बाकी काही बिघडणार नाही. उतराल ना? मग तेच मूल हजार मैलांवर असलं आणि चिखलाऐवजी थोडे पैसे खर्च होणार असले, तर न उतरायला कारण काय?

इथपर्यंत बहुतेक जण मान डोलावतात. पंचाईत पुढे होते. एक मूल काढलं की दुसरं दिसतं, मग तिसरं. तळं रिकामं होतच नाही. मग थांबायचं कुठे? सिंगरच्या मूळ, कडक मांडणीत उत्तर असं आहे: आणखी दिलं तर ज्याला देतोय त्याच्याइतकेच हाल आपले होतील, तिथे. थोडक्यात, जवळजवळ निर्वासिताइतकं गरीब होईपर्यंत देत राहा.

आज 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम', मराठीत परिणामकारक परोपकार, या नावाने ओळखली जाणारी चळवळ याच लेखाच्या खांद्यावर उभी आहे. तिची ख्याती हिशेबासाठी आहे: कोणत्या रुपयातून किती भलं होतं ते मोजणारी माणसं. मला मात्र तिची खरी गोष्ट त्या थांबण्याच्या प्रश्नाची वाटते. पैसे, प्राणी, स्वतःची तब्येत, आपापसातले संबंध, कुठूनही सुरुवात केली तरी गाडी तिथेच येऊन अडते.

आधी हिशेब बघू, कारण तो तुलनेने सोपा आहे.

२००६मध्ये अमेरिकेत एका हेज फंडात, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचे पैसे गुंतवणाऱ्या कंपनीत, नोकरी करणाऱ्या होल्डन कार्नोफ्स्की आणि एली हॅसनफेल्ड या दोघांना देणगी द्यायची होती. ते संस्थांना विचारू लागले, की आमच्या पैशातून नेमकं काय होईल? चकचकीत माहितीपत्रकं मिळाली, उत्तर मिळेना. त्यातून २००७मध्ये 'गिव्हवेल' ही संस्था उभी राहिली. ती स्वतः गरिबांत काम करत नाही. दुसऱ्यांच्या कामाचे पुरावे तपासते आणि मोजक्या संस्थांची शिफारस करते. गेली काही वर्षं तिच्या यादीत चारच कामं वरच्या जागी आहेत: आफ्रिकेत मच्छरदाण्या वाटणं, मलेरियाच्या हंगामात लहान मुलांना प्रतिबंधक गोळ्या देणं, अ जीवनसत्त्वाचे डोस देणं, आणि उत्तर नायजेरियात बाळाला लस टोचून घेणाऱ्या आयांना थोडी रोख रक्कम देणं.

औषध लावलेली एक मच्छरदाणी घरात पोचवायला साधारण ५ डॉलर लागतात, म्हणजे चारशे-साडेचारशे रुपये. पण गिव्हवेलच्या अंदाजाने एक जीव वाचवायला लागतात ३ ते साडेपाच हजार डॉलर, म्हणजे अडीच ते पावणेपाच लाख रुपये. इतका फरक का? कारण जाळीखाली झोपणारी बहुतेक मुलं मलेरियाने दगावणार नव्हतीच. काही जाळ्या फाटतात, काही घडी घालून ठेवल्या जातात. काही तर सरकारने किंवा दुसऱ्या कुणी दिल्याच असत्या, त्यांचं श्रेय तुमच्या पैशाला नाही. हे सगळं वजा केल्यावर जो आकडा उरतो तो जाहिरातीला नालायक आणि प्रामाणिक असतो. 'शंभर रुपयांत जीव वाचवा' असं कुणी म्हणालं, की त्याने ही वजाबाकी केलेली नाही असं खुशाल समजावं.

आपल्याकडे देणगीदार हमखास विचारतात, 'ऑफिसवर किती खर्च करता?' प्रश्न रास्त वाटतो, पण त्यातून फारसं कळत नाही. ऑफिसवर एक पैसाही न घालवता निरुपयोगी काम करता येतं. उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 'सेवा मंदिर' संस्थेबरोबर केलेला प्रयोग बघा. (बॅनर्जींच्या आई निर्मला माहेरच्या पाटणकर, तेव्हा २०१९च्या नोबेलवर थोडा हक्क आपणही सांगतो.) काही गावांत काहीच वेगळं केलं नाही, तिथे सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं निघाली ६ टक्के. काही गावांत दर महिन्याला न चुकता शिबिर भरवलं. तिथे १८ टक्के. आणखी काही गावांत शिबिराबरोबर दर लशीला किलोभर डाळ आणि सगळ्या लसी झाल्यावर स्टीलच्या थाळ्या दिल्या; तिथे ३९ टक्के. आता गंमत अशी, की डाळ फुकट वाटूनही एका मुलाचं लसीकरण पूर्ण करायचा खर्च निम्म्यावर आला. नर्स दिवसभर बसणारच होती आणि तिचा पगार द्यावाच लागणार होता, फक्त आता तिच्यापुढे रांग होती. 'फुकट वाटून लोकांना बिघडवतात' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

आणि हे मोजमापाचं खूळ परदेशातून आलंय असंही समजू नये. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. परिणामकारक परोपकार हे नाव जन्मण्याच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. या चळवळीतून आलेल्या काही संस्था आज महाराष्ट्रातही काम करतात. 'सुविता' ही त्यांपैकी एक. ती लशीची तारीख जवळ आली की आईबापांना मोबाइलवर आठवण करते, आणि गावात 'कुणाच्या कानावर घातलं की गोष्ट सगळीकडे पोचते?' असं विचारून त्याच माणसांना लसीकरणाचे दूत करते. प्रत्येक गल्लीत अशी एक तरी मावशी असतेच.

तर 'कुठे द्यायचं' याचं बरंवाईट उत्तर निघतं. 'किती' याचं निघत नाही. २००९मध्ये ऑक्सफर्डमध्येच टोबी ऑर्ड आणि विल्यम मॅकॅस्किल या तत्त्वज्ञांनी 'गिव्हिंग व्हॉट वी कॅन' ही संस्था सुरू केली. तिची प्रतिज्ञा आहे आयुष्यभर उत्पन्नाचे निदान दहा टक्के देण्याची. आजवर दहा हजारांच्या आसपास लोकांनी ती घेतली आहे. ऑर्डने स्वतः उलटं केलं. आपल्याला वर्षाला २० हजार पौंड पुरतात असं ठरवून त्यावरचं सगळं देऊन टाकायचं त्याने जाहीर केलं, नंतर तो आकडा १८ हजारांवर आणला.

दहाच का? त्यामागे कुठलंही गणित नाही. ख्रिस्ती आणि ज्यू परंपरेत दशांश आहे, शिखांमध्ये दसवंध आहे. माणसांना झेपतो असा हा जुना, अनुभवाने आलेला आकडा. तर्काच्या दृष्टीने तो लंगडाच आहे, कारण अकराव्या टक्क्यालाही तळ्यात मूल असतंच. तरीही या चळवळीने लावलेला सगळ्यात उपयोगी शोध मी याच मनमानी आकड्याला म्हणेन. दहा दिले की उरलेल्या नव्वदांचा हिशेब कुणाला द्यायचा नाही. मुलाला सायकल घ्या, गोव्याला जाऊन या.

ज्यांना हे जमलं नाही त्यांचं काय होतं? अमेरिकेतली ज्युलिया वाइज या वर्तुळात सगळ्यांना माहीत आहे. ती आणि तिचा नवरा अनेक वर्षं उत्पन्नाचा मोठा हिस्सा देत आले आहेत. तरुणपणी पाकात घोळवलेल्या एका सफरचंदावर पैसे गेले आणि या पैशांत दुसऱ्या कुणाचं तरी भलं झालं असतं या विचाराने आपण रडलो, असं तिनेच लिहून ठेवलंय. दुकानातली प्रत्येक वस्तू म्हणजे कुणाच्या तरी जीवावरचा निर्णय, अशी नजर झाली की माणूस किती दिवस टिकेल? त्यांनी काढलेला मार्ग साधा होता. दानाचा आकडा वर्षातून एकदाच ठरवायचा. ते पैसे बाजूला पडले की बाकीचे घरखर्चाचे, आणि घरखर्चाच्या पैशांतून सफरचंद घेताना मलेरियाचा विचार करायचा नाही.

आता या तळ्यात कोंबड्या आणि मासे घाला.

सिंगरने १९७५मध्येच हा प्रश्न उभा केला होता: वेदना होत असतील तर ती कुणाची आहे याने काय फरक पडतो? भूतदया आपल्याला नवी नाही. पांजरपोळ आहेत, गोशाळा आहेत, कबुतरांना दाणे आहेत, गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या आहेत. पण आकडे बघितले की आपली दया भलतीकडेच गोळा झालेली दिसते. जगात दर वर्षी ७ हजार कोटींहून जास्त कोंबड्या मांसासाठी मारल्या जातात. भारतात वर्षाला १४ हजार कोटींच्या आसपास अंडी तयार होतात, आणि त्यांतली बरीचशी तारेच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात. एकेका कोंबडीच्या वाट्याला सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. प्रिंटरमध्ये घालतो त्या ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ ६२४. म्हणजे कागदाहून लहान जागेत उभं आयुष्य. पंख पसरता येत नाहीत, अंडं घालायला आडोसा मिळत नाही. २०१७मध्ये भारताच्या विधी आयोगाने याच विषयावर वेगळा अहवाल दिला. युरोपीय संघाने असे उघडेबोडके पिंजरे २०१२पासून बंद केले आहेत.

म्हणून या चळवळीचा प्राण्यांवरचा पैसा जखमी कुत्र्यापेक्षा मोठमोठ्या अंडी-खरेदीदार कंपन्यांवर दबाव आणण्याकडे जातो: पिंजऱ्यातली अंडी घेणार नाही असं लेखी द्या. एका सहीने लाखो कोंबड्यांची जागा बदलते, त्यामुळे दर कोंबडीमागे खर्च फारच थोडा पडतो. आंध्र प्रदेशातल्या तळ्यांत 'फिश वेलफेअर इनिशिएटिव्ह' मत्स्यशेतकऱ्यांबरोबर पाण्यातला प्राणवायू आणि माशांची दाटी यांवर काम करते. रोहू-कटल्याला गुदमरायला होतं का, हा प्रश्न ताटावर बसलेल्या आपल्यातल्या किती जणांना पडला असेल? (मला आधी कधी पडला नव्हता.)

मात्र इथे हिशेब डगमगतो. कोंबडीची वर्षभराची पीडा मुलाच्या एका दिवसाच्या तापाबरोबर कशी तोलायची? काही संशोधक त्यासाठी गुणक काढतात. त्यांची मेहनत खरी आहे, पण त्या गुणकांवर विसंबून घर कुणी गहाण टाकू नये. आणि ही रस्सीखेच आपल्या दारात आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३च्या अखेरीस शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. आदिवासी पाड्यावरच्या मुलाला अंड्याइतकं स्वस्त, पचणारं आणि पौष्टिक दुसरं थोडंच असतं. तेच अंडं त्या कागदाहून लहान जागेतून आलेलं असतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मी मुलाच्या बाजूने उभा राहीन, आणि कोंबडीला पिंजऱ्याबाहेर काढायला अंड्यामागे काही पैसे जास्त पडले तर ते सरकारने भरावेत असं म्हणेन.

प्राण्यांचा विचार करणारे बरेच जण दूध, अंडी, मांस सगळं सोडतात. तिथून विषय थेट स्वतःच्या शरीरात शिरतो. बी-१२ हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीव तयार करतात. प्राण्यांच्या मांसात, दुधात, अंड्यांत ते मिळतं. भाजीपाल्यात आणि डाळींत भरवशाने मिळत नाही. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, मन उदास राहतं. जगाच्या दुःखाने आपण खचलोय असं वाटणाऱ्या माणसाच्या रक्तात कधीकधी फक्त बी-१२ कमी असतं! आणि यासाठी दूध सोडायचीही गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासचे मध्यमवयीन पुरुष तपासले. त्यांत खेड्यातले होते, झोपडपट्टीतले होते, शहरी मध्यमवर्गीयही होते. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साधारण दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळलं, आणि शाकाहार हे त्यामागचं मोठं कारण होतं. चहातलं दूध पुरत नाही. एक रक्ततपासणी आणि डॉक्टरांना विचारून गोळी, एवढ्यावर हे भागतं. 'आमच्या आजोबांना कुठे लागत होत्या गोळ्या' हा वाद घालत बसू नये.

याच चळवळीतून निघालेली 'फोर्टिफाय हेल्थ' महाराष्ट्रातल्या आटा गिरण्यांना पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळायला मदत करते. त्यात एक अस्सल मराठी अडचण आहे. आपल्याकडे असंख्य घरांत गहू निवडून डबा कोपऱ्यावरच्या चक्कीवर जातो, त्या दळणात कोण काय मिसळणार? त्यामुळे भर पाकीटबंद आट्यावर राहतो.

शरीराच्या बाबतीत काही जण आणखी पुढे गेले. अलेक्झांडर बर्गर, जे पुढे या क्षेत्रातल्या एका मोठ्या दान-संस्थेचे प्रमुख झाले, त्यांनी २०११मध्ये अनोळखी माणसाला मूत्रपिंड दिलं. त्यांच्यानंतर या वर्तुळातल्या आणखी काहींनी दिलं. शस्त्रक्रियेत दाता दगावण्याचा धोका तेव्हा दहा हजारांत तीनच्या आसपास मानला जाई. भारतात १९९४च्या कायद्याने नात्याबाहेरच्या दानाला समितीची परवानगी लागते, आणि अवयवांच्या विक्रीचा आपला इतिहास बघता ते योग्यच आहे. मूत्रपिंड देण्यात एक हिशेबी सोय मात्र आहे: ते एकदाच देता येतं. दुसरं मागायला कुणी येत नाही.

वेळ आणि मन यांचं तसं नसतं. ध्येयाने काम करणाऱ्यांची तब्येत हा विषय मराठीत डॉ. अभय बंग यांनी उघडपणे आणला. गडचिरोलीत काम करताना चाळिशीतच हृदयविकाराने गाठल्यावर त्यांनी ताण, आहार, व्यायाम आणि स्वतःकडे झालेलं दुर्लक्ष यांबद्दल सविस्तर लिहिलं, आणि ते घरोघर वाचलं गेलं. आपल्याकडे 'झिजावं चंदनासारखं' हा संस्कार खोल आहे. झिजणाऱ्याचं कौतुक होतं, आठ तास झोपणाऱ्याचं होत नाही. हिशेबाच्या भाषेत मात्र प्रश्न सरळ आहे. चाळीस वर्षं चांगलं काम करू शकणारा माणूस सहा वर्षांत मोडला, तर उरलेल्या चौतीस वर्षांचं नुकसान त्या तळ्यातल्या मुलांचंच होतं. फक्त या युक्तिवादात एक चोरदरवाजा आहे. झोपही 'जास्त काम व्हावं म्हणून' घ्यायची असेल, तर झोपेतही माणूस कामावरच असतो. काही गोष्टी आपल्या हक्काच्या म्हणून हिशेबाबाहेर ठेवाव्या लागतात.

यात समुदाय उपयोगी पडतो आणि घातही करतो. उपयोगी असा, की दहा टक्के देणारा नातेवाइकांत वेडा ठरतो, तसेच आणखी वेडे भेटले की तो टिकतो. घात असा, की काही शहरांत हे वर्तुळ इतकं दाट झालं की साहेब, घरातला जोडीदार, देणगीदार आणि मित्र सगळे त्यातलेच. मग तक्रार करायची कुणाकडे? बाहेर पडायचं तर नोकरी, भाड्याची खोली आणि शनिवारची मैफल एकदम जाते. आपल्याकडच्या आश्रमांत आणि संघटनांत राहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. चळवळीच्या मध्यवर्ती संस्थेने वागणुकीच्या तक्रारी ऐकायला वेगळा गट ठेवला आहे, पण तोही आतलाच.

सगळ्यात मोठा फटका २०२२मध्ये बसला. सॅम बँकमन-फ्रीड हा अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणारा, वीगन (म्हणजे दूध-अंडीही न खाणारा), प्राण्यांसाठी काम करायच्या विचारात असलेला मुलगा. मॅकॅस्किलने त्याला सुचवलं: भरपूर कमव आणि दे, त्यात भलं जास्त होईल. त्याने एफटीएक्स नावाचा क्रिप्टो बाजार उभारला, अब्जावधी डॉलर कमावले आणि वाटायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२२मध्ये ग्राहकांचेच पैसे वापरल्याचं उघड झालं आणि डोलारा कोसळला. मार्च २०२४मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. कोसळण्याच्या काही महिने आधी एका मुलाखतीत त्याला विचारलं होतं: ५१ टक्के शक्यता जग दुप्पट होण्याची, ४९ टक्के सगळं नष्ट होण्याची, असा डाव खेळशील? पुन्हा पुन्हा? तो म्हणाला, हो. लोक त्याला लबाड म्हणून मोकळे होतात, आणि न्यायालयाने तसं ठरवलंही. मला त्या उत्तरात सिंगरच्या तळ्याचाच तळ नसलेला भाग दिसतो. जास्तीत जास्त भलं करायचं आणि मध्ये कुठलीच रेघ नाही, असं ठरलं की दुसऱ्याच्या ठेवीही भल्यासाठीच वापरल्यासारख्या वाटू लागतात. खोटं न बोलणं आणि परक्याच्या पैशाला हात न लावणं, या रेघा हिशेबाच्या आधी आखलेल्या हव्यात.

आपल्या घरापुरतं काय? गृहकर्जाचा हप्ता, आईवडिलांची औषधं, गावच्या जत्रेची वर्गणी, कामवाल्या मावशींच्या मुलीची फी, हे सगळं असताना दहा टक्के ऐकून छाती दडपते. मावशींच्या मुलीची फी दानात धरायची की नाही यावर चळवळीतले लोक तासभर वाद घालतील. तुम्ही ती भरा आणि तिचा कप्पा वेगळा ठेवा. देणगीवरची (८०जीची) आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही, आणि परदेशी संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर तर मुळीच नाही. म्हणून भारतात नोंदणी असलेली, आपल्या कामाचे आकडे न लपवणारी संस्था शोधणं बरं. तिला विचारायचं ते एवढंच: तुम्ही नसतात तर या लोकांचं काय झालं असतं, आणि हे तुम्हाला कशावरून कळलं? दहा टक्क्यांची ती प्रतिज्ञा घेण्याआधी ठरावीक मुदतीसाठी एक टक्क्यापासून करून बघायचीही सोय आहे. शिकणाऱ्यांना आणि नोकरी नसलेल्यांना तर उत्पन्नाऐवजी हातखर्चाचा एक टक्का चालतो.